नोकरी, संसार आणि पेशवाईतली प्रेमकथा : पहिली कादंबरी तडीस कशी न्यावी

नोकरी करून ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलेल्या पुष्कळ जणांचं हस्तलिखित सहाव्या-सातव्या प्रकरणाशी अडतं. कारण विचारलं तर ‘वेळच मिळत नाही’ असं उत्तर येतं. वेळ कमी पडतो हे खरंच आहे, पण तो कमी पडणार हे पहिल्या दिवशीही ठाऊक असतं. तरीही विषय निवडताना आपण तीन पिढ्या, दोन लढाया, चार राजधान्या आणि साठ पात्रं असा पसारा मांडतो. तो पेलायला पूर्ण वेळ अभ्यास करणारा माणूस लागतो. म्हणून वेळेचं नियोजन डायरीत करण्याआधी कथानकात करावं लागतं.

पट केवढा घ्यावा

पहिल्या कादंबरीला एक गाव, एक ते दीड वर्षाचा काळ आणि नावानिशी येणारी आठ माणसं पुरतात. त्यापलीकडे गेलात की अभ्यास दुपटीने वाढतो, कारण प्रत्येक नव्या गावाबरोबर तिथले रस्ते, बाजार, पाणवठे, बोली, देवस्थानं, सगळंच नव्याने शोधावं लागतं.

उदाहरणादाखल १७६० ते १७६२ मधलं पुणं घेऊ. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये मराठवाड्यातल्या पटदुराहून उत्तरेकडे निघाले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. २३ जून १७६१ ला नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवेपदावर आले. सव्वा वर्षात एवढं घडलं, आणि पुण्यातल्या घराघरांत तेव्हा एकच प्रश्न होता : आपला माणूस आहे की गेला? खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून परतल्या, पण त्यांनी वैधव्य पत्करलं नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या तोवर सौभाग्यवतीसारख्याच राहिल्या. प्रेमकथेला याहून मोठा ताण कुठून आणायचा? यासाठी रणांगण दाखवायची गरज नाही. कसबा पेठेतलं कासाराचं एक दुकान, तिथे बांगड्या भरणारी बाई, जिच्या स्वतःच्या नवऱ्याची खबर नाही, आणि लढाईतून लंगडत परतलेला एक बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, एवढ्यावर अडीचशे पानं उभी राहतात. लाख बांगडी फुटली ती ज्यांनी भरली होती त्यांच्या नजरेतून पानिपत दिसेल, आणि तुम्हाला तोफखान्याचा अभ्यास करावा लागणार नाही.

नायक-नायिका कल्पित घ्या. खऱ्या व्यक्तींना लांबून जाऊ द्या : पालखीतून, बातमीतून, दिवाणखान्याच्या बंद दारामागून. खऱ्या पुरुषाला किंवा स्त्रीला नायकपद दिलं की त्यांच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. त्यांच्या तोंडी घातलेल्या वाक्यावरून वाद होतात, आणि दिवसाला तास-दीड तास मिळणाऱ्या लेखकाचे सहा महिने त्यातच जातात. बारीकसारीक तपशील मात्र खरे हवेत. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. नायक कोणता यावर त्याची ऐपत, त्याचा ताठा आणि घोडा गमावल्यावर त्याच्यावर येणारी वेळ ठरते.

वयाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवा. त्या काळी मुलींची लग्नं आठ-दहाव्या वर्षी होत. ते लपवू नये, पण त्यावर प्रेमकथाही रचू नये. कथा नायिकेच्या प्रौढ वयात, बावीस-चोविसाव्या वर्षी सुरू करा. लग्न मागे कधीतरी होऊन गेलेलं असेल. अनेक समाजांत स्त्रीच्या दुसऱ्या लग्नाची, म्हणजे पाट किंवा मोहतुराची रीत होती आणि त्यावर पाटदाम नावाचा करही होता. ब्राह्मण घरांत ती नव्हती. तुमच्या नायिकेच्या समाजात पाट चालत होता का, हे तपासल्याशिवाय कथानक पुढे नेऊ नका. पंधराव्या प्रकरणात हे कळलं तर अख्खी कादंबरी उलटी करावी लागते.

आकड्यांत मांडलं की भीती जाते

छापील पानावर साधारण अडीचशे शब्द धरले तर दोनशे पानांच्या कादंबरीला ५०,००० शब्द लागतात. दिवसाला २५० शब्द आणि आठवड्याला पाच दिवस म्हणजे १,२५० शब्द. चाळीस आठवड्यांत पहिला खर्डा होतो. वर्षाचे उरलेले बारा आठवडे आधीच सोडून द्या, ते गणपती-गौरी, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, मार्चअखेर आणि घरातली आजारपणं घेणारच आहेत. लेखनाआधी चार महिने अभ्यासाला आणि नंतर पाच महिने पुनर्लेखनाला धरा. एकूण एकवीस महिने होतात. कुणी सहा महिन्यांत कादंबरी उरकल्याचं सांगेल, पण त्याच्या घरी भाजी कोण आणतं ते विचारून घ्या.

अडीचशे शब्द म्हणजे वहीचं दीड पान, बसल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं काम. एखाद्या दिवशी सहाशे झाले तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊ नका. संख्या भरून निघते, पण पात्रांचा आवाज कानातून जातो आणि तो परत आणायलाच वेळ लागतो.

कोणत्या वेळात कोणतं काम

दिवसातले मोकळे तुकडे सगळे सारखे नसतात. सकाळी सव्वापाच ते सहा ही पाऊण तासाची वेळ ताजी असते. ती फक्त नव्या लेखनाला द्या. त्या वेळात संदर्भ शोधू नका, कालचं दुरुस्त करू नका, फोनही उघडू नका. कालच्या शेवटच्या पाच ओळी वाचा आणि पुढे लिहा. सकाळी डबे करावे लागत असतील तर ही वेळ रात्री जेवणानंतर दहा ते पावणेअकरा अशी धरा. मात्र रात्रीचं लेखन मध्यरात्रीपलीकडे गेलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात चुका होतात, आणि नोकरीवर ओरखडा आला की घरातून पहिला घाव लेखनावरच बसतो.

डोंबिवलीहून किंवा विरारहून लोकलने जाणाऱ्यांच्या हाताशी दिवसाला दोन तास असतात, पण ते उभ्याने, धक्क्यांत जातात. त्या वेळात वाक्यं घडवायला जाऊ नका. संवाद मनात बोलून पाहा, प्रसंगाचा क्रम लावा, वाचन करा. सुचलेलं फोनवर बोलून टिपून ठेवा. मराठी बोलून टाइप करण्याची सोय आता बरी चालते, फक्त ‘जासूद’, ‘खासगीवाले’, ‘कमाविसदार’ असे शब्द ती हमखास बिघडवते आणि विरामचिन्हं टाकत नाही. म्हणून त्याच दिवशी रात्री दहा मिनिटं काढून ते टिपण साफ करा. चार दिवसांनी ‘खास गेले वाले’ म्हणजे काय हे तुम्हालाच उमगणार नाही.

भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या करताना, मुलाला शिकवणीहून आणताना हात गुंतलेले असतात पण डोकं मोकळं असतं. कथानकातल्या गाठी सोडवायला ही उत्तम वेळ आहे. मात्र आधी प्रश्न नेमका हवा. ‘पुढे काय होईल’ असा मोघम प्रश्न घेऊन भाजीला बसलात तर भाजीच निवडून होते. ‘बारगीर तिच्या दुकानात दुसऱ्यांदा कोणत्या निमित्ताने येईल?’ असा प्रश्न सकाळी उठताना ठरवून ठेवा. संध्याकाळपर्यंत तीन उत्तरं मिळतात, त्यातलं तिसरं बहुधा कामाचं असतं.

सलग चार तास मात्र आठवड्यातून एकदा तरी लागतात. बँकेत असाल तर दुसरा-चौथा शनिवार, राज्य सरकारी कार्यालयात असाल तर २०२० पासून प्रत्येक शनिवार. हे तास लेखनाला वापरायचा मोह होईल. ते ग्रंथालय, दप्तर, एखादा वाडा पाहणं आणि प्रकरणं एकामागून एक वाचून जोडणं यांसाठी ठेवा, कारण ही कामं पाऊण तासाच्या तुकड्यांत होत नाहीत.

घरच्यांशी बोलणं

‘मला लिहायला वेळ द्या’ असं म्हटलं की घर मान डोलावतं आणि काहीच बदलत नाही. त्याऐवजी कामांची अदलाबदल करा. ‘मंगळवार-गुरुवारी रात्री मुलांचा अभ्यास तू घे, रविवारचा बाजार आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे,’ अशी स्पष्ट वाटणी सांगा आणि आपली बाजू आधी पाळा. पहिल्या महिन्यात आपल्याकडून एकदाही चूक झाली नाही तर पुढचे महिने सोपे जातात. सासू-सासरे घरात असतील तर त्यांना अभ्यासात ओढा. जात्यावरच्या ओव्या, जुने पदार्थ, नवऱ्याचं नाव न घेता त्याला हाक मारण्याच्या तऱ्हा, बाळंतिणीच्या खोलीतले नियम, हे सांगणारं माणूस घरात असणं हे मोठं धन आहे. शिवाय त्यांना तुमच्या लेखनाबद्दल वाटणारी तक्रारही ओसरते.

दार लावून बसणं अनेक घरांत शक्य नसतं. मग खूण ठरवा. जेवणाच्या टेबलावर पिवळा दिवा लागला की पाऊण तास कुणी हाक मारायची नाही, दूध उतू जात असेल तर वेगळं. लहान मुलांना वेळ कळत नाही पण दिवा कळतो. आणि तो दिवा पाऊण तासाने खरंच विझवा, नाहीतर मुलं पुढच्या वेळी खूण मानणार नाहीत.

वर्षाचं पंचांग भिंतीवर लावून लेखनाचे चाळीस आठवडे आधीच रंगवून घ्या. आषाढ ते श्रावणाचा पूर्वार्ध बहुतेक घरांत शांत असतो, तिथे अवघड प्रकरणं ठेवा. भाद्रपद आला की फक्त वाचन आणि नोंदी. दिवाळीनंतरचे सहा-सात आठवडे लेखनाला फार चांगले असतात. मे महिन्यात मुलं घरी, पाहुणे येणार, त्यामुळे त्या महिन्यात नवं प्रकरण सुरू करू नये.

अभ्यास : किती, कुठे आणि कुठे थांबायचं

नोकरदार लेखकाला अभ्यासाच्या आळसापेक्षा अभ्यासाचा नाद जास्त नडतो. वाचन आनंद देतं, लेखन कष्ट देतं, म्हणून माणूस वाचतच राहतो. चार महिन्यांची मुदत घाला आणि ती संपल्यावर, काही अपुरं राहिलं तरी, पहिलं प्रकरण सुरू करा. लिहिताना जिथे माहिती अडेल तिथे ★ खूण करून पुढे चला : ‘तिने ★ तेलाचा दिवा लावला.’ पाऊण तासात तेलाचा शोध घेत बसलात तर दिवा लागतच नाही. आठवड्याच्या सगळ्या ★ खुणा शनिवारी एकदम सोडवा.

साधनं मराठीत भरपूर आहेत आणि मोडी लिपी न येताही चालतं. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड, दोन्ही बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपीत छापलेले आहेत. सगळे वाचायचे नाहीत. आपल्या दीड वर्षाच्या काळाशी आणि पुण्याशी जुळणारी पत्रं सूचीवरून काढा, तीसेक पुरतात. पुण्यात सदाशिव पेठेत १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे जाताना ‘पेशवाईबद्दल काही आहे का’ असं विचारू नका. ‘१७६१ च्या सुमाराच्या कसबा पेठेतल्या घरांबद्दल, बाजारभावाबद्दल’ असा नेमका प्रश्न न्या.

तारखांचा गोंधळ फार होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ मिळवावे लागतात. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ला झालं : १६८२ अधिक ७९, म्हणजे १७६१. पत्रांत दिसणारा शुहूर सन, म्हणजे दप्तरातली अरबी आकड्यांची वर्षगणना, मृगावर सुरू होतो. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवा. १७०० ते १७५२ मधल्या इंग्रजी कागदांतल्या तारखा जुन्या कालगणनेच्या असतात, अकरा दिवस मागे. आणि १७६१ ची मकरसंक्रांत १४ जानेवारीला नव्हती, ती चार-एक दिवस आधीच होऊन गेली होती. ‘तिळगूळ वाटत असताना तिकडे रण पेटलं’ असं वाक्य कितीही सुंदर वाटलं तरी ते चुकीचं आहे. जंत्री, म्हणजे तिथी आणि तारखा जुळवून देणारं पुस्तक, हाताशी ठेवली की अशा चुका टळतात.

प्रेमकथेत रात्री पुष्कळ असतात आणि प्रत्येक रात्रीला तिथी असते. शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेचा मावळतीला उगवतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीनंतर येतो. रोज तो साधारण दोन घटका उशिरा उगवतो. म्हणजे वद्य दशमीला रात्रीच्या पहिल्या प्रहरी दोघं चांदण्यात बोलू शकत नाहीत, त्यांना अंधारातच भेटावं लागेल. आणि अंधाराने प्रसंग कितीतरी चांगला होतो : चेहरा दिसत नाही, बांगडीचा आवाज तेवढा ऐकू येतो. वेळ सांगताना मिनिटं नकोत. घटका २४ मिनिटांची, मुहूर्त दोन घटकांचा, प्रहर तीन तासांचा, अंतर कोसात आणि मजलांत.

आता नेहमीच्या फसगती. गुलमोहर मादागास्करचा, तो आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला, म्हणून पेशवाईतल्या नायिकेला गुलमोहराखाली उभी करू नका. पळस, पांगारा, बकुळ, कांचन, सोनचाफा हवे तेवढे आहेत, पण तेही ऋतू पाहून. पळस फाल्गुनाच्या सुमाराला फुलतो, श्रावणात नाही. आगकाडी नव्हती. विस्तव राखेत जपून ठेवत, नाहीतर चकमकीने पेटवत, शेजारून मागूनही आणत. (विस्तव मागायला शेजारी जाणं हे भेटीचं किती साधं निमित्त आहे ते पाहा.) चहा नाही, टोमॅटो नाही. पाण्यासाठी कात्रजच्या तलावातून आणलेले नळ आणि पेठांतले हौद नानासाहेबांच्याच काळचे. हौदावर बायका जमतात, बातम्या तिथे फुटतात.

लष्करी वर्षही ध्यानात घ्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि एरवी पावसाळ्याच्या तोंडावर परतत किंवा छावणी करून राहत. विरह आश्विनापासून ज्येष्ठापर्यंत आणि भेट चातुर्मासात हा क्रम त्या काळाने तयारच ठेवला आहे. पानिपताच्या वर्षी तो मोडला, आणि सबंध गाव अस्वस्थ झालं ते त्यामुळेही.

या सगळ्याच्या नोंदी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर ठेवा. एका कागदावर एकच गोष्ट, वर डावीकडे विषय (पोशाख, अन्न, उजेड, पैसा, नातं), खाली कुठे मिळालं ते पुस्तक आणि पान. पृष्ठ क्रमांक न लिहिणं ही चूक सगळ्यांत महागात पडते. संपादक दीड वर्षाने विचारतो, आणि तेव्हा पुन्हा ४५ खंड उपसायला रजा उरलेली नसते.

भाषा

सगळीच कादंबरी दप्तराच्या भाषेत लिहाल तर वाचक थकेल. निवेदन आजच्या स्वच्छ मराठीत ठेवा. संवादांत, आणि तेही मोजक्या जागी, जुने शब्द आणा. दर पानाला दोन-तीन पुरतात, आणि प्रत्येक शब्द संदर्भावरून कळला पाहिजे. शब्द जुना आहे का याची सोपी कसोटी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे आणि तो संगणकावर विनामूल्य पाहता येतो. तिथे शब्द सापडला नाही तर संशय घ्या. ‘व्यक्तिमत्त्व’, ‘दृष्टिकोन’ असे शब्द इंग्रजी कल्पनांसाठी नंतर रूढ झाले. ते पात्राच्या तोंडी आले की वाचकाला कारण सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. उलट ‘माफ’, ‘खुशाल’, ‘मर्जी’, ‘जरूर’ हे फारसीतून आलेले शब्द त्या काळात घराघरांत होते. ते काढून संस्कृत शब्द घालण्याची हौस करू नका.

प्रेमाच्या भाषेसाठी दोन झरे आहेत. एक उत्तर पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्या : राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ. या थोड्या नंतरच्या आणि बऱ्याचशा पुरुषांच्या लेखणीतल्या. दुसरा झरा जात्यावरच्या ओव्यांचा. गी पॉइतेवँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूने गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बाई आपल्या मनातलं कोणत्या प्रतिमांतून बोलते हे तिथे कळतं. ओळी उचलू नका, चाल उचला.

आणि संबोधन. पती-पत्नी चारचौघांत एकमेकांशी थेट बोलत नसत. ‘इकडून येणं कधी झालं?’, ‘स्वारीचं जेवण झालं का?’ अशी आडून विचारणा व्हायची. नवऱ्याचं नाव उखाण्यातच. त्यामुळे एकांतात ‘तुम्ही’ म्हणणंसुद्धा धिटाईचं ठरतं, आणि नाव उच्चारलं जाणं हा कादंबरीचा कळसाचा क्षण होऊ शकतो. हे वापरा. देहाच्या वर्णनांची रांग लावण्यापेक्षा असा एक शब्द योग्य जागी पडला की वाचक थबकतो. वाड्याची रचनाही इथे मदतीला येते. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचं, मध्ये चौक. दिवसा दोघांची गाठ पडण्याच्या जागा तीन-चारच : कोठीच्या खोलीचं दार, परसातली विहीर, जिन्याचं वळण. हाताने नकाशा काढून ठेवा, नाहीतर चौथ्या प्रकरणात पूर्वेला असलेला जिना अकराव्यात पश्चिमेला जातो.

शृंगाराचे प्रसंग जेवणाच्या टेबलावर, मुलांच्या शेजारी लिहिणं अवघड जातं. ते सकाळच्या वेळेसाठी राखून ठेवा, फाइलला कुलूपशब्द घाला आणि घरच्यांना खर्डा पूर्ण होईपर्यंत वाचायला देऊ नका. जवळचं माणूस वाचणार या विचाराने हात आखडतो आणि प्रसंग फिका उतरतो. टोपणनाव घ्यायचं असेल तर ते प्रकाशकाशी करार करतानाच सांगा, करार मात्र खऱ्या नावाने होतो.

ऑफिसची बाजू

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. त्यात प्रासंगिक साहित्यिक कामाला मुभा आहे, पण सरकारी कामात खंड पडता कामा नये. कार्यालयाला लेखी कळवून पोच घेतलेली चांगली. खासगी नोकरीत नेमणूकपत्र नीट वाचा. कामावर असताना जे निर्माण कराल ते कंपनीचं, अशा अर्थाचं कलम अनेकदा असतं, म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या मेलवरून कादंबरीची एक ओळही लिहू नका. मानधन प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवा.

खंड पडला तर

तो पडतोच. आजारपण येतं, लेखापरीक्षण येतं, लग्नसराई येते. तीन आठवड्यांनी परत बसताना पहिल्या प्रकरणापासून वाचायला लागलात तर दुरुस्तीत अडकाल आणि पुढे जाणारच नाही. फक्त शेवटचं प्रकरण हाताने वहीत उतरवून काढा. दोन दिवस लागतात, पण वाक्यांची लय हातात परत येते. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत सोपा प्रसंग लिहा, तो क्रमाने पुढचा नसला तरी चालेल. खंड पडायच्या आधी लेखन नेहमी वाक्याच्या मध्यावर थांबवण्याची सवय ठेवली असेल तर हे आणखी सोपं जातं : अर्धं वाक्य पूर्ण करायला धीर लागत नाही.

खर्डा झाल्यावर

महिनाभर ठेवून द्या. मग मोठ्याने वाचा, रोज दहा पानं. कानाला खटकलेल्या जागी समासात रेघ मारा, तिथल्या तिथे सुधारू नका. दुसऱ्या फेरीत फक्त कालविसंगती, तिसऱ्या फेरीत फक्त त्या दोघांचे प्रसंग, तेही सलग. त्यांच्या नात्यात कुठे उडी पडली आहे ते असंच दिसतं. नेहमी आढळणारा दोष असा की पहिली भेट आणि शेवट लिहून झालेले असतात, पण मधला विश्वास कधी बसला तेच राहिलेलं असतं.

हस्तलिखित युनिकोडमध्ये ठेवा, प्रकरणाला एक फाइल, आणि दर रविवारी स्वतःलाच मेल करा. प्रकाशक पानं लावताना बहुधा श्रीलिपीसारखी जुनी अक्षररचना वापरतात आणि रूपांतरात ठरावीक अक्षरं मोडतात : ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ॲ’, ‘ङ्म’, अवग्रह, अवतरणचिन्हं. ‘नवऱ्याचं’ हा शब्द तुमच्या कादंबरीत दोनशे वेळा असेल, म्हणून प्रुफं आली की आधी तोच शोधा. प्रुफं कोणत्या महिन्यात येणार ते प्रकाशकाला आधीच विचारा आणि मार्च टाळा. रोज बारा पानं या वेगाने दोनशे पानांना सतरा दिवस लागतात, आणि त्या सतरा दिवसांत रविवारचा बाजार पुन्हा कुणाकडे, तेही घरी ठरवून ठेवा.